मॅडमनी चहा घेतला नाही

कौतिक पाटलाला गावात भित्रा म्हणतात, हे त्याच्या कानावर आहे. त्याला ते मान्यही आहे. फक्त तो त्याला भित्रेपणा म्हणत नाही, धंदा म्हणतो. पोलीस ठाण्यासमोर, रस्ता ओलांडला की कडुनिंबाखाली त्याची चहाची टपरी. ठाण्यात सकाळचा पहिला चहा जातो तो त्याचा आणि दिवे लागल्यावरचा शेवटचाही त्याचाच. एवढ्या वर्षांत तिथे बसून त्यानं जे पाहिलं-ऐकलं, ते दुसऱ्या कुणाच्या पोटात असतं तर एव्हाना गावातली निम्मी लग्नं मोडली असती आणि दोन-चार सरपंच आत जाऊन आले असते. कौतिकच्या पोटात मात्र ते आल्याच्या चहाबरोबर खाली उतरतं आणि तिथेच राहतं.

गावाचं नाव कशाला हवं? धरणगावच्या अलीकडे धरा, चाळीसगावच्या पलीकडे धरा. कापसाचे ट्रॅक्टर जिथून जातात आणि मंगळवारी बाजार भरतो असं तालुक्याचं कुठलंही गाव धरा. ठाणंही तसंच धरा. नाव घेतलं की उद्या कुणीतरी चौकशीला यायचं.

तर कौतिक. चार भावांत धाकटा. वाटण्या झाल्या तेव्हा त्याच्या वाट्याला जे शेत आलं, त्यात बैल उभा केला तर शेपूट शेजाऱ्याच्या बांधावर. म्हणून टपरी. मिशा दर पंधरवड्याला काळ्या करतो, आणि करून झाल्या की दोन दिवस तोंड धूत नाही, असं त्याची बायको प्रमिलाबाई सांगते. बोलायला लागला की थांबत नाही, पण नीट ऐकलं तर कळतं की तो काहीच सांगत नाही. "कौतिक, काल रात्री आत कोणाला आणलं रे?" असं विचारलं, की तो आल्याच्या भावावर दहा मिनिटं बोलतो.

माणूस ओळखायची त्याची स्वतःची पद्धत आहे. कोण चहा कसा घेतो यावरून. फिर्याद द्यायला आलेला पेला दोन्ही हातांनी धरतो. पुढारी अर्धा ठेवून उठतो. ज्याला काही लपवायचं आहे तो गरमच गिळतो. आणि ठाण्यातला चहा जो नको म्हणतो, असा माणूस कौतिकनं पाहिलेला नव्हता. त्या दिवशीपर्यंत तरी.

त्या दिवसाची गोष्ट सांगायची तर आधी राजदीपचं सांगायला हवं.

राजदीप म्हणजे भीमनगरातल्या लिलाबाईचा मुलगा. लिलाबाई अंगणवाडीत मदतनीस. नवरा लवकर गेला, पोरगं तिनं एकटीनं वाढवलं. राजदीपनं आयटीआय केलं, विहिरींवरच्या मोटारी बसवू लागला, आणि वीज कंपनीत लाईनमन म्हणून त्याची निवडही झाली. राहिली होती फक्त पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी. तेवढ्यात शिवारातल्या चार विहिरींवरून केबल चोरीला गेली. केबल कापता कोणाला येते? ज्याला जोडता येते त्याला. एवढ्या हिशेबावर राजदीपला बाजारातून उचललं.

खरे चोर आठवड्यात सोनगीरजवळ हायवेवर टेम्पोसकट सापडले. चोरीचा आळ गेला. पण तोवर राजदीपच्या उजव्या कानाचा पडदा फाटला होता, आणि त्याच्यावर नवा गुन्हा लागला होता: सरकारी कामात अडथळा. ठाण्याचं म्हणणं असं, की बुधवारी सकाळी त्याला चौकशीला आणताना त्यानं शिपायाला ढकललं, पळाला, पडला आणि कानाला लागलं. आई-मुलाचं म्हणणं असं, की बुधवार कसला, त्याला मंगळवारी भर बाजारातून नेलं, कागदावर न घेता आत ठेवलं आणि त्याच संध्याकाळी मारलं. हा गुन्हा राहिला तर पडताळणीत लाल शेरा. लाल शेरा म्हणजे नोकरी गेली.

सगळं अडलं होतं ते त्या मंगळवारावर. मंगळवारी राजदीप आत होता हे बाहेरच्या एखाद्या माणसानं सांगितलं, तर बुधवारची ढकलाढकल आपोआप खोटी ठरत होती. तो बाहेरचा माणूस रस्त्यापलीकडे चहा उकळत होता. मंगळवारी संध्याकाळी कोठडीच्या गजांतून त्यानं राजदीपला पेला दिला होता. "साखर बरी आहे ना?" विचारलं, तर पोरानं मान वळवून डावा कान पुढे केला होता. कौतिकनं पाहिलं. घरी आला. आल्याच्या भावावर बोलला.

लिलाबाईनं जळगावच्या मृणाली वकिलीणबाईंकडून मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोगानं जिल्ह्याकडे अहवाल मागितला, जिल्ह्यानं ठाण्याकडे मागितला, आणि ठाण्यानं स्वतःची कसून चौकशी करून कळवलं की तक्रारीत तथ्य नाही. मृणालीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा लिहिलं: ज्याच्यावर आरोप त्याच्याकडूनच खुलासा घेऊन फाईल मिटणार असेल तर आयोगाचा उपयोग काय? आयोगानं स्वतःचा माणूस पाठवावा. पत्रांची बरीच ये-जा झाली आणि शेवटी, कापूस वेचणी ऐन भरात असताना, आयोगाच्या तपास विभागातून सुलक्षणा मॅडम येणार असल्याचं कळलं.

*

सकाळी हवालदार अभिमन टपरीवर आला. "कौतिक, आज आलं जास्त टाक. सात कप. आणि खारी त्या जुन्या डब्यातली नको."

"मॅडम मोठ्या आहेत का?"

"आपल्याच खात्यातल्या आहेत. आयोगाला दिल्यात दोन वर्षांसाठी. जीप पाठवलीय चाळीसगावला, रेल्वेवरून आणायला."

जीप परत आली ती रिकामी. तिच्या मागून पाच मिनिटांनी एसटी आली आणि तिच्यातून एक सावळी, ठेंगणी बाई उतरली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. तिनं कुणाला विचारलं नाही, सरळ ठाण्यात शिरली. तिच्यासाठी आणलेला पुष्पगुच्छ जीपमध्येच राहिला.

कौतिक सात पेल्यांचं तारेचं कडं घेऊन आत गेला तेव्हा ठाण्याचे साहेब उभे होते आणि बाई बसल्या होत्या. ठाण्यात त्यानं हा देखावाही प्रथमच पाहिला.

"मॅडम, चहा."

"नको."

"आल्याचा आहे, मॅडम."

"नको म्हटलं. माझी बाटली आहे."

साहेब हसले. "घ्या हो मॅडम. आमच्या कौतिकचा चहा न घेता कोणी जात नाही. नंतर रेस्ट हाऊसवर जेवण सांगून ठेवलंय. भरीत, कळण्याची भाकरी."

"साहेब, मी इथे पाहुणी नाही. डायरी काढा. आणि त्या दोन दिवसांचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग."

"कॅमेरा बंद होता."

"दोन्ही दिवस?"

"उंदरांनी वायर खाल्ली."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं, मग छताकडे, मग अचानक कौतिककडे. "तुम्ही रोज येता इथे?"

कौतिकच्या हातातलं कडं किणकिणलं. "येतो. म्हणजे, कप न्यायला. आत नाही येत. आत म्हणजे येतो, पण पाहत नाही."

"आमच्या घरचाच माणूस आहे," साहेब म्हणाले. ते हसत होते, पण डोळे कौतिकवरच होते.

"बरं. तुमच्याशी नंतर बोलते," बाई म्हणाल्या.

सातवा पेला तसाच परत आला. कौतिकनं तो टपरीवर येऊन स्वतः प्यायला. चहा उत्तम झाला होता. म्हणजे दोष चहाचा नव्हता. याचाच त्याला जास्त त्रास झाला.

तासाभरानं बाई पायीच भीमनगरकडे निघाल्या. त्या वळणाआड गेल्या न गेल्या तोच अभिमन टपरीवर येऊन बाकावर बसला. एरवी तो उभ्यानं घेतो.

"कौतिक, हा सिलेंडर लाल दिसतोय रे."

"लालच असतो."

"घरगुती लाल असतो. धंद्याचा निळा." त्यानं बुटाच्या टोकानं सिलेंडर हलवून पाहिला. "मी काही म्हणत नाही. पुरवठावाले आले तर ते म्हणतील. आणि ही टपरी किती वर्षं झाली इथे? नगरपालिकेचं अतिक्रमणाचं पथक दोनदा निघालं होतं, साहेबांनीच थांबवलं. तुला माहीत नसेल."

"माहीत नव्हतं."

"असू दे. अशा गोष्टी सांगायच्या नसतात." अभिमननं चहा संपवला. "मॅडम मार्चपर्यंत आयोगात आहेत. एप्रिलमध्ये परत खात्यात. आपण इथेच आहोत. मीही, तूही."

तो गेला. कौतिकनं फडक्यानं सिलेंडर पुसला. रंग काही बदलला नाही.

*

दुपारी घरी जेवायला बसला तर प्रमिलाबाईनं ताटात भाकरी टाकता टाकता विचारलं, "ती बाई तुमले काय बोलनी?"

"काही नाही."

"मंग घास का उतरत नही?"

"उतरतोय."

"तुमले त्या पंचायतमा पडनं नही. चहा द्या, घर या."

तेवढ्यात दारात भिकुबाई आली. ही भीमनगरातली, लिलाबाईची शेजारीण. प्रमिलाबाई आणि ती एकाच बचत गटात, त्यामुळे गावातली बातमी ह्या घरात वर्तमानपत्राच्या आधी येते. आज तिचा चेहरा उतरला होता. ती उंबऱ्यावरच बसली.

"बठ्ठं बिघडी गयं," ती म्हणाली.

काय झालं ते तिनं सांगितलं. मॅडम येणार म्हणून लिलाबाईनं पहाटे घर सारवलं होतं, अंगणवाडीतून खुर्ची आणली होती, तांब्या-पेला चिंचेनं घासून आरशासारखा केला होता. वस्तीतली माणसं कामाला न जाता थांबली होती. बाजारात राजदीपला उचलताना पाहिलेली दोन पोरंही त्यात. मॅडम आल्या, खुर्चीवर बसल्या. लिलाबाईनं पाणी पुढे केलं. मॅडम म्हणाल्या, नको. लिलाबाईला वाटलं, संकोच असेल. पुन्हा पुढे केलं. मॅडमनी पिशवीतून आपली बाटली काढली, उघडली आणि त्यातलं पाणी प्यायल्या.

भिकुबाई तेवढ्यावर थांबली. पुढचं सांगायची गरज नव्हती. ह्या गावात विहिरीवर कुणाला वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं आणि कुणाला पोहरा मिळायचा, हे पाहिलेली माणसं अजून ओट्यांवर बसलेली आहेत. लिलाबाईची आई अशीच ओंजळ धरून उभी राहिलेली. त्या घरात कुणी पेला नाकारला आणि वर आपली बाटली काढली, तर त्याचा अर्थ कुणालाच वेगळा लागत नाही.

"मंग?" प्रमिलाबाईनं विचारलं.

"मंग लिला बोलनी, झायं? आते निघा." राजदीप आत जाऊन झोपला तो उठेना. बाजारातली दोन्ही पोरं कापसाला निघून गेली. मॅडम समजावू लागल्या, तर कुणी समोरच उभं राहिना. आता त्या विहाराच्या ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. पाचच्या एसटीनं जाणार. जबाब नाही तर नाही; तक्रारदारानं सहकार्य केलं नाही असं लिहिणार आणि फाईल बंद. "मॅडमनंबी बरोबर शे," भिकुबाई म्हणाली, "पण लिला ऐकत नही."

कौतिकचा हात ताटात थांबला होता.

"तिनं ठाण्यातही घेतला नाही," तो म्हणाला.

दोघी त्याच्याकडे पाहू लागल्या.

"चहा. साहेबांनीही आग्रह केला. घेतला नाही. तिथेही हीच बाटली. जेवणही नको म्हणाली."

भिकुबाई उठून उभीच राहिली. "मंग चाल, सांग लिलाले."

"तूच सांग की. तुला आता कळलं."

"मी सांगसू तर ती म्हणी, तुले काय मालूम. तू देखेल शे."

प्रमिलाबाईनं ताट उचललं. भाकरी अर्धी राहिली होती तरी उचललं. "कोठेबी जावानं नही," ती म्हणाली.

कौतिकनं मोठ्या हुशारीनं तीन-चार वाटा शोधून पाहिल्या. फोन करावा, तर लिलाबाईच्या फोनवर बोललेलं सगळ्या वस्तीला ऐकू जातं. चिठ्ठी द्यावी, तर अक्षर ठाण्यात सगळ्यांना ओळखू येतं. वकिलीणबाईंना जळगावला कळवावं, तर तोवर एसटी निघून जाणार. आणि भीमनगरला जायचा रस्ता एकच, ठाण्याच्या फाटकासमोरून. त्या बाईनं चहा घेतला नाही, एवढं एक वाक्य होतं. पण ते सांगायला त्या रस्त्यानं चालत जायचं म्हणजे ठाण्याला कळणार की कौतिक कुठे गेला, का गेला, आणि आत आल्यावर तो खरं म्हणजे पाहतो.

चारचे ठोके पडायला आले तेव्हा तो उठला. तारेचं कडं हातात घेतलं. त्यात चार रिकामे पेले ठेवले.

"हे कशाला?" बायकोनं विचारलं.

"कप गोळा करायला चाललोय."

एरवी प्रमिलाबाई ज्या नजरेनं त्याच्या काळ्या मिशांकडे पाहते, तीच नजर आताही होती, पण हसली नाही.

फाटकाशी अभिमन उभा होता. "कौतिक, भीमनगरात कुणाचे कप राहिले रे?"

कौतिकचे पाय थांबले. मान वळली नाही.

"माझेच आहेत," तो म्हणाला आणि चालू लागला. पाठीमागे मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. तो त्याच्यामागून हळूहळू येत राहिला, भीमनगरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथे थांबला. इंजिन बंद झालं नाही.

*

लिलाबाईचं दार लोटलेलं होतं. कौतिकनं कडी वाजवली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केरसुणी होती. सकाळी सारवलेल्या जमिनीवर खुर्चीच्या पायांचे ठसे उमटले होते, ते ती पुसत होती.

"कौतिकभाऊ? तू आठे कसा?"

"अक्का, ती बाई..."

"तिनं नाव नको लेऊ. मन्हा घरनं पाणी तिले चालत नही. मंग मन्हा पोऱ्यानं रगत तिले कसं दिसी?"

"अक्का, तठे बी तिनी चहा पिधा नही. ठाण्यात. साहेब उभे होते, सगळे उभे होते. माझ्या हातात पेला होता. माझी बाटली आहे, म्हणाली."

लिलाबाई केरसुणी धरून त्याच्याकडे पाहत राहिली. माणूस खोटं बोलतोय का हे पाहायला तिला चहा लागत नाही.

"खरं सांगस?"

"जीपमध्येही बसली नाही. एसटीनं आली. त्यांचं जेवण, त्यांचा गुच्छ, काहीच घेतलं नाही. तुझं एकटीचं नाही नाकारलं. सगळ्यांचंच नाकारतेय."

लिलाबाईनं केरसुणी भिंतीला लावली, पदर खोचला आणि विहाराकडे निघाली. कौतिकला वाटलं, आपलं काम संपलं. त्यानं घराकडे वळायला पाऊल टाकलंही, पण कोपऱ्यावर मोटारसायकल होती. नाइलाजानं तो लिलाबाईच्या मागून गेला.

मॅडम ओट्यावर बसल्या होत्या. घड्याळाकडे पाहत होत्या. लिलाबाई समोर जाऊन उभी राहिली आणि जितकं येतं तितक्या शुद्ध मराठीत म्हणाली, "तुम्ही ठाण्यात पण नाही घेतलं?"

मॅडमना समजायला क्षणभर लागला. त्यांनी मागे कौतिकला पाहिलं. मग त्या उठून उभ्या राहिल्या.

"नाही घेतलं. चौकशीला गेले की मी कुणाकडचंच काही घेत नाही. एकदा एका गावात नुसता चहा घेतला होता. वर तक्रार गेली की अधिकारी एका बाजूकडून जेवली. अहवाल बाजूला पडला. तेव्हापासून बाटली."

"मग हे आधी सांगायचं."

"हो. सांगायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या दारात सांगितलं नाही म्हणून तुमच्याही दारात सांगितलं नाही. दोन्ही दारं सारखीच धरली. ती सारखी नाहीत, हे मला कळायला हवं होतं. चुकलं माझं."

लिलाबाईनं मॅडमचं तोंड नीट पाहून घेतलं. "पिऊ नका," ती म्हणाली. "पण आता घरात चला. ओट्यावर बसून माझ्या पोराचं लिहू नका."

राजदीप उठला. त्याच्या डाव्या बाजूला खुर्ची ठेवावी लागली. तो सांगत गेला, मॅडम लिहीत गेल्या. भिकुबाईनं शेतात निरोप पाठवून त्या दोन पोरांना बोलावलं. कौतिक दारात कडं घेऊन उभा, ना आत ना बाहेर. पाचची एसटी निघून गेल्याचा हॉर्न ऐकू आला. मॅडमनी मान वर केली नाही.

"मंगळवारी आत कोणी पाहिलं तुला? पोलीस सोडून?"

राजदीपनं दाराकडे पाहिलं नाही. नाव घ्यावं की नाही, हे तो ठरवत होता, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मग तो म्हणाला, "चहा आला होता."

खोलीतली सगळी माणसं वळली. कोपऱ्यावरचं इंजिन अजून चालूच होतं.

कौतिकनं कडं खाली ठेवलं. "मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही मार्चनंतर परत खात्यात. तुमचे साहेब आणि ह्यांचे साहेब एकाच टेबलावर जेवणार. मग मी जे सांगेन ते कुठे राहणार?"

मॅडमनी पेन बंद केलं. "जबाब आयोगाकडे राहतो, माझ्याबरोबर येत नाही. माझं म्हणाल तर खरं आहे, मी खात्याची आहे. कदाचित ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांच्याच हाताखाली मला टाकतील. आयोगाला स्वतःची माणसं द्या, उसनी नको, हे आमच्याकडून कितीदा लिहून गेलं. अजून उसनीच येतात. तुम्हाला वाटतं, ही भीती एकट्या तुम्हालाच आहे?"

"आणि आयोगानं ठरवलं, तर साहेबांना शिक्षा?"

"आयोग शिफारस करतो. शिक्षा सरकारनं करायची."

"म्हणजे चहा आम्ही करायचा आणि प्यायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं."

कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. मॅडम हसल्या नाहीत. "हो, तसंच. मी तुम्हाला कसलंच वचन देऊ शकत नाही. नाव गुप्त ठेवण्याचंही नाही. साहेबांना कळेल. तुम्ही नाही म्हणालात तर मी तसं लिहिणार नाही की तुम्ही नाही म्हणालात. माझ्या कागदावर तुम्ही इथे आलाच नव्हता."

दार उघडं होतं. लिलाबाई काहीच म्हणाली नाही. ती म्हणाली असती, हात जोडले असते, तर कौतिकला सुटता आलं असतं. रडणाऱ्या माणसाला समजावून काढता पाय घ्यायला तो ठाण्यासमोर राहून शिकला होता. पण ती भिंतीला टेकून नुसती उभी होती, आणि राजदीप आपला फाटका कान त्याच्याकडे करून खाली पाहत होता. ह्या बाजूनं त्याला काही ऐकू येणार नव्हतं. कौतिक काय म्हणाला, हे त्याला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं.

कौतिक राजदीपच्या डाव्या बाजूला जाऊन बसला. मग बोलला. आल्याच्या भावावर नाही.

मॅडमनी लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "मी कौतिक पाटील, चहा विक्रेता. अंदाजे मंगळवारी संध्याकाळी मी ठाण्यातील कोठडीत..."

"थांबा," कौतिक म्हणाला.

भिकुबाईनं डोळे मिटले. आता हा सगळं मागे घेणार, असंच तिला वाटलं.

"ते अंदाजे काढा. मंगळवारच होता. बाजार होता."

मॅडमनी शब्द खोडला, बाजूला सही केली, त्याची सही घेतली. बाहेर मोटारसायकलचा आवाज वाढला आणि दूर गेला. मॅडम रात्री भीमनगरातूनच एका कापसाच्या टेम्पोत पुढे बसून चाळीसगावला गेल्या. भाडं दिल्याशिवाय उतरल्या नाहीत, असं टेम्पोवाला सांगतो.

*

पुरवठावाले आठ दिवसांत आले. सिलेंडर गेला. पुढच्या आठवड्यात कडुनिंबाखालची टपरीही गेली. त्या दिवशी अतिक्रमणाच्या पथकाला कोणी थांबवलं नाही. कौतिक आता एसटी स्टँडच्या मागे बसतो, निळ्या सिलेंडरवर. गिऱ्हाईक कमी, उन्हं जास्त. ठाण्यात चहा आता मशीनचा येतो, आणि तो पाणचट असतो, हे कौतिकला कुणी सांगितलं नाही तरी माहीत आहे.

आयोगाची शिफारस यायला उन्हाळा उजाडला. मंगळवार खरा धरला गेला होता. अडथळ्याच्या गुन्ह्याचा तपास दुसऱ्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडे गेला, आणि बुधवारची गोष्ट टिकली नाही म्हणून तो गुन्हा रद्द झाला. साहेबांची खात्यांतर्गत चौकशी सुरू आहे असं म्हणतात. सुरू आहे म्हणजे नक्की कुठे, हे विचारलं तर कुणी सांगत नाही. साहेब मात्र बदलून दुसऱ्या तालुक्याला गेले, जाताना पेढे वाटून गेले. सुलक्षणा मॅडमची मुदत संपली. त्या आता कुठे आहेत हे मृणालीबाईंनाही ठाऊक नाही.

राजदीपची पडताळणी स्वच्छ आली. मग वैद्यकीय तपासणी झाली, आणि तिथे कान आडवा आला. एका कानाच्या माणसाला खांबावर चढवत नाहीत. मृणालीबाईंनी पुन्हा कागद पाठवायला सुरुवात केली आहे. यावेळी नोकरी देताना विजेच्या उपकेंद्रात बसून करायचं काम द्यावं म्हणून. त्यात पुरावा म्हणून आयोगाची शिफारस जोडायची आहे, आणि शिफारशीला आधार म्हणून कौतिकचा जबाब.

"तुला परत बोलावतील, कौतिकभाऊ," लिलाबाई स्टँडमागे येऊन त्याला सांगून गेली. "जळगावला. मोठ्या साहेबासमोर तेच सगळं परत सांगायला लागेल."

कौतिकनं गाळणी आपटून चोथा टाकला. आत्ताच विसळलेला पेला त्यानं पुन्हा विसळला, हे सगळ्यांनी पाहिलं, कारण स्टँडवर बसलेल्यांना दुसरं पाहायला काही नसतं.

"कोणत्या दिवशी?" त्यानं विचारलं.